न वाचलेली पुस्तकं वर्षभरात मार्गी लावताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या घरांत पुस्तकं अनेक वाटांनी येतात. अप्पा बळवंत चौकातली एखादी फेरी, प्रदर्शनातली सवलत, प्रकाशनपूर्व नोंदणी, सत्कारात शाल-श्रीफळासोबत मिळालेली प्रत, आजोबांचं कपाट. वाचायला वेळ मात्र रोजचा अर्धा-पाऊण तासच मिळतो. त्यामुळे वाचायची राहिलेली पुस्तकं साठत जातात. त्यांचा एका वर्षात पद्धतशीर निकाल कसा लावायचा, याबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

मार्गी लावायची म्हणजे सगळी वाचूनच संपवायची का?

नाही. बहुतेकांच्या घरी ते एका वर्षात शक्यही नसतं. त्याचा हिशेब पुढे दिला आहे. पुस्तक मार्गी लागलं म्हणजे त्याच्याबद्दल चारपैकी एक निर्णय झाला: पूर्ण वाचलं, चाळून हवं तेवढं घेतलं, संदर्भासाठी ठेवलं किंवा घराबाहेर दिलं. ‘नंतर बघू’ हा निर्णय धरायचा नाही. नंतरच बघायचं असेल तर पुढची तारीख लिहा, तरच ते चालेल. फळीवरच्या प्रत्येक पुस्तकापुढे वर्षअखेरीला यांपैकी काहीतरी लिहिलेलं असावं, एवढंच लक्ष्य ठेवा.

सुरुवात कधी करावी?

वाचायला कधीही सुरुवात करा. पुस्तकं खाली काढून मोजायचं काम मात्र फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत उरकलेलं बरं. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की पुस्तकं जमिनीवर किंवा भिंतीला टेकून चार दिवस राहिली तरी बुरशी धरू शकते. पाडव्याला वर्ष धरणाऱ्यांना हे सोयीचं पडतं: आधीच्या पंधरवड्यात मोजणी, पाडव्याला पहिलं पुस्तक. जानेवारीपासून सुरू केलंत तरी काही बिघडत नाही, पण दहावी-बारावीचं मूल घरी असेल तर फेब्रुवारी-मार्च हातचा सुटतो हे लक्षात ठेवा.

मोजणी नेमकी कशी करायची?

एका वेळी एकच फळी रिकामी करा. अख्खं कपाट पलंगावर ओतलं की झोपायच्या वेळेला सगळं घाईघाईनं परत आत कोंबावं लागतं आणि मोजणी तिथेच बंद पडते. तीन फुटांच्या फळीवर नेहमीच्या जाडीची पन्नासएक पुस्तकं असतात. पुसणं आणि नोंद धरून तेवढ्याला दीड-दोन तास लागतात. धुळीसाठी कोरडा मऊ ब्रश घ्या, ओलं फडकं नको. पुस्तक घट्ट मिटून धरा आणि वरची कड बांधणीकडून बाहेरच्या बाजूला झाडा, नाहीतर धूळ पानांत शिरते. धुळीचा त्रास होणाऱ्यांनी मास्क लावावा.

नोंदीसाठी दोनशे पानी वही पुरते. ‘आवक-जावक’ वहीसारखे रकाने आखा: क्रमांक, नाव, लेखक, पानं, केव्हा आणि कुठून आलं, का घेतलं होतं, निर्णय, तारीख. मोबाइलमधली एक्सेलची शीटही चालेल, पण फळीपुढे धुळीच्या हातांनी वहीत लिहिणं सोपं जातं. ‘का घेतलं होतं’ हा रकाना रिकामा सोडू नका. ‘परीक्षण वाचून’, ‘ऐंशी टक्के सवलत होती’, ‘लेखकाचं भाषण ऐकून’, जे असेल ते खरं लिहा. कारण आठवतच नसेल तर तसंही लिहा. पुढे निवड करताना सगळ्यांत जास्त उपयोग याच रकान्याचा होतो.

पानं मोजताना शेवटचा पृष्ठक्रमांक पाहा आणि त्यातून सूची, परिशिष्टं, संदर्भटिपा वजा करा. चरित्रात आणि इतिहासाच्या पुस्तकात हा भाग कधीकधी पन्नास-साठ पानांचा भरतो.

न वाचलेल्या पुस्तकांत खूण म्हणून कोऱ्या कागदाची पट्टी घाला, ३ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब, वर थोडी बाहेर डोकावेल अशी. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या जुन्या कागदावर लावू नका. त्यांचा गोंद मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते. पुस्तक मार्गी लागलं की पट्टी काढून त्यावर नाव आणि तारीख लिहा व एका डब्यात टाका. फळीवर किती पट्ट्या उरल्या हे लांबूनही दिसत राहतं.

अर्धवट सोडलेली पुस्तकं कशी धरायची?

आधीचा भाग आठवत असेल तर उरलेलीच पानं लिहा. आठवत नसेल तर सगळी. चार वर्षांपूर्वी सोडलेली कादंबरी मधूनच उचलायचा हट्ट करू नका, पात्रांची नावंच लागत नाहीत.

शब्दकोश, पाककृती, कायद्याची पुस्तकं, मुलांची पाठ्यपुस्तकं यादीत घ्यायची का?

शब्दकोश, ज्ञानकोश, पाककृती, पंचांग, प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं ही सलग वाचायची नसतात. त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी ‘संदर्भ’ लिहून टाका. फक्त एक पाहा: तोच संदर्भ आता दुसरीकडे सहज मिळतो का? मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात, त्यामुळे केवळ जागा अडवून बसलेल्या मोठमोठ्या खंडांचा विचार वेगळा करता येईल. करविषयक आणि कायद्याची जुनी पुस्तकं तर घरात ठेवणंही धोक्याचं असतं, कारण बदललेली तरतूद खरी समजून कोणीतरी वापरतं. पाठ्यपुस्तकं आणि गाइडं या यादीत घेऊच नका.

एका वर्षात किती वाचून होईल हे आधी कसं कळणार?

पुस्तकांत नव्हे, पानांत मोजा. ‘वर्षात पन्नास पुस्तकं’ असं ठरवलं की हात आपोआप शंभर पानी पुस्तकांकडे जातो आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला ती जाडजूड पुस्तकं जागची हलत नाहीत.

आपला वेग असा काढा. मध्यम अवघड पुस्तक घ्या, २० मिनिटांचा गजर लावा आणि नेहमीसारखं वाचा. तीन वेगवेगळ्या दिवशी, आपण खरोखर ज्या वेळी वाचणार त्याच वेळी हे करा; सकाळी ताज्या डोक्यानं मोजलेला वेग रात्री साडेदहाला टिकत नाही. समजा, सरासरी १४ पानं झाली. म्हणजे अर्ध्या तासाला २१.

आता दिवस. ३६५ धरू नका. आठवड्याला साधारण साडेपाच दिवसच वाचन होतं असं धरून २८० दिवस घ्या. २१ गुणिले २८० म्हणजे ५,८८० पानं. सरासरी २२० पानांचं पुस्तक धरलं तर २६-२७ पुस्तकं. फळीवर ७० पुस्तकं असतील तर ती १५,४०० पानं झाली, म्हणजे या वेगानं अडीच वर्षांहून जास्त काम. हा आकडा पाहून खचू नका. यातली २५ वाचायची, २० चाळायची, १५ द्यायची आणि १० पुढच्या तारखेला टाकायची, असं वाटप केलं की ते वर्षात बसतं.

दोन दुरुस्त्या लागतात. पहिली, पान पानासारखं नसतं. डेमी, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर २८-३० ओळी आणि ओळीत ९-१० शब्द असतील तर पावणेतीनशेच्या आसपास शब्द होतात. जुन्या, बारीक टाइपाच्या आवृत्तीत यापेक्षा बरेच जास्त असतात. अशा पुस्तकाची पानं नोंदताना दीडपट लिहा. दुसरी, मराठी आणि इंग्रजीचा वेग वेगळा काढा. निम्मी फळी इंग्रजी असेल आणि वेग मराठीचा धरला असेल तर जुलैपर्यंत हिशेब साफ चुकलेला असतो.

कोणतं पुस्तक आधी घ्यावं?

पहिल्या महिन्यात १०० ते १३० पानांची तीन. वाचायची वेळ आणि जागा पक्की व्हायला तेवढं लागतं आणि डब्यात तीन पट्ट्या पडलेल्या दिसतात. त्यानंतर मात्र दोन बारीक, एक जाड असा क्रम ठेवा. सगळी बारीक आधी संपवणाऱ्यांची गाडी बहुधा ऑक्टोबरमध्ये अडते, कारण फळीवर नुसते ठोकळे उरलेले असतात.

दर महिन्याच्या एक तारखेला चार पुस्तकांची चवड काढून बसायच्या जागेजवळ ठेवा. चारांत निदान एक ललित आणि एक वैचारिक किंवा माहितीपर असावं. महिनाभर निवड या चारांतूनच करायची. रोज रात्री अख्ख्या कपाटापुढे उभं राहिलं की वाचायची वीस मिनिटं निवडण्यात जातात.

एका वेळी किती पुस्तकं चालू ठेवावीत?

दोन, फार तर तीन: एक घरी, एक पिशवीत, आणि हवं तर एक कवितेचं किंवा छोट्या लेखांचं. तिन्ही कादंबऱ्या नकोत.

आवडत नसलेलं पुस्तक कितव्या पानावर सोडावं?

प्रकारानुसार ठरवा.

कादंबरी २०० पानांची असेल तर ४० पानं द्या, चारशेच्या वर असेल तर ६०. कथासंग्रहातली पहिली, एक मधली आणि शीर्षककथा वाचा. तिन्ही लागल्या नाहीत तर थांबा. ललित लेखांना दोन लेख पुरतात.

आत्मचरित्राला थोडी अधिक सवलत द्यावी. गाव, घराणं, नातेवाईक यांत सुरुवातीची पन्नास पानं जाणारी आत्मचरित्रं पुष्कळ आहेत आणि लेखकाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. तेव्हा सरळ मधली वीस पानं वाचा. ती पकडून ठेवत असतील तर मागे जा.

वैचारिक पुस्तकात लेखकाचं मनोगत, पहिलं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण वाचलं की बाकीच्यात काय आहे याचा अंदाज येतो. हवी ती दोन-तीन प्रकरणं वाचून ‘चाळलं’ अशी नोंद करायला काही हरकत नाही.

कितीतरी मराठी पुस्तकांना दुसऱ्या कोणाची तरी तीस-चाळीस पानी प्रस्तावना असते. अनेकजण तिथेच थकून पुस्तक ठेवून देतात. कादंबरीची प्रस्तावना शेवटी वाचा. तिच्यात कथानक सांगून टाकलेलं असतं आणि तिचं म्हणणंही पुस्तक वाचल्यावरच नीट कळतं.

प्रकाशनपूर्व सवलतीत घेतलेले तीन-तीन, पाच-पाच खंडांचे संच पडून आहेत. त्यांचं काय?

संच ही एक वस्तू धरू नका, प्रत्येक खंडाची स्वतंत्र नोंद करा. यंदा फक्त पहिला खंड यादीत घ्या; त्याचा निर्णय झाला की बाकीच्यांचा आपोआप होतो. ७५० पानांचा खंड २१ पानांच्या वेगानं ३६ दिवस खातो आणि तेवढे दिवस दुसरं काही न वाचणं बहुतेकांना झेपत नाही. रोज १२ पानं याला आणि उरलेला वेळ हलक्या पुस्तकाला दिला तर ६३ दिवसांत होतो. ऐतिहासिक कादंबरी असेल तर घराण्यांची नावं आणि नाती एका पट्टीवर लिहून तीच खूण म्हणून वापरा. पन्नासाव्या पानावर पाच मिनिटं खर्च केली की पुढचा गोंधळ वाचतो.

ज्ञानेश्वरी, दासबोध यांसारखे ग्रंथ आणि कवितासंग्रह या हिशेबात कसे बसवायचे?

पानांच्या हिशेबात बसवूच नयेत. ओवीबद्ध ग्रंथाला स्वतःचंच माप असतं. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय आणि साधारण ९,००० ओव्या. रोज २५ ओव्या, अर्थासह, म्हणजे वर्षात पूर्ण. दासबोधात २० दशक, प्रत्येकी १० समास, म्हणजे २०० समास. रोज एक घेतला तर खाडे धरूनही वर्षात आरामात होतो. यासाठी रात्रीची नको, सकाळची दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आणि या दोन्हींपैकी एकच निवडा.

कवितासंग्रह एका बैठकीत संपवता येतो, पण तसा वाचलेला लक्षात राहत नाही. दिवसाला दोन कविता, त्यातली एक मोठ्यानं. ऐंशी कवितांचा संग्रह चाळीस दिवस हाताशी राहतो आणि रोजच्या वीस पानांना धक्का लागत नाही.

जुने दिवाळी अंक साठले आहेत. तेही मोजायचे?

मोजा, पण पुस्तकासारखे नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा १९०९ सालचा अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक मानतात, तेव्हापासूनची ही परंपरा मोलाची आहे, म्हणूनच अंक टाकवत नाहीत. प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका वाचून तीनच मजकूर निवडा, तेवढे वाचा आणि अंक मार्गी लावा. राशिभविष्य आणि जाहिराती गेल्या की पाच वर्षांपूर्वीच्या अंकात वाचण्याजोगं तितकंच उरलेलं असतं. एखादा लेख कायम हवा असेल तर त्याचे फोटो काढून ठेवा. या वर्षीचे अंक पुढच्या दिवाळीआधी कोणाला तरी द्यायचे, हा नियम एकदा लावला की पुन्हा चळत होत नाही.

वर्षातले कोणते दिवस वाचनाविना जातात?

गणपतीचे दहा दिवस शून्य धरा. पेठांमध्ये राहणाऱ्यांनी तर विसर्जनानंतरचा दिवसही सोडावा, झोपच भरून काढायची असते. दिवाळीचा आठवडा, घरातलं लग्नकार्य, गावची जत्रा हेही वजा करा. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्वला जाणाऱ्यांनी ते दिवस वहीत आधीच खोडून ठेवावेत.

उलट काही दिवस वाचनाला उत्तम मिळतात. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा अनेक रस्ते बंद असतात. दर्शन झालं की बाकीचा वेळ घरातच जातो. जुलै-ऑगस्टच्या झडीच्या रविवारी जाड पुस्तकातली साठ-सत्तर पानं होऊ शकतात. मे महिन्यात दुपारी दोन ते चार बाहेर पडायची सोय नसते. जाड पुस्तकं या दोन मोसमांसाठी राखून ठेवा.

बसमध्ये, मेट्रोत, रेल्वेत वाचन होतं का?

मेट्रोत होतं. वनाज-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट मार्गावर रोज ये-जा असेल तर तेवढ्यात एक प्रकरण सहज बसतं, उभं राहूनसुद्धा. पुस्तक मात्र दीडशे पानांच्या आतलं, एका हातात धरता येणारं निवडा. पीएमपीच्या बसमध्ये खड्डे आणि वळणं यांमुळे अनेकांना मळमळतं. तिथे जबरदस्ती नको. डेक्कन क्वीननं मुंबईला जाणाऱ्यांना एका बाजूला तीन तासांहून अधिक वेळ मिळतो. लोणावळ्यानंतर घाटात बोगद्यांमागून बोगदे येतात, तिथे पुस्तक मिटून बाहेर पाहावं. पावसाळ्यात पिशवीतलं पुस्तक झिप असलेल्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा आणि घरी आल्यावर लगेच बाहेर काढा. बंद पिशवीत ओल कोंडते.

ग्रंथालयाची वर्गणी वर्षभर बंद ठेवावी का?

बंद करू नये. पुण्याला १८४८मध्ये सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर आणि १९११चं पुणे मराठी ग्रंथालय लाभलं आहे. अशा संस्था वाचकांच्या वर्गणीवर चालतात आणि त्या चालल्या पाहिजेत. अडचण इतकीच की ग्रंथालयाच्या पुस्तकाला परत करायची तारीख असते, घरच्याला नसते, म्हणून दरवेळी घरचं मागे पडतं. दोन पुस्तकांची वर्गणी असेल तर ती एकावर आणा. किंवा महिन्यातून एकदाच जा, पहिल्या शनिवारी.

ग्रंथालयाचा आणखी एक उपयोग आहे. घरातलं एखादं पुस्तक ‘पुन्हा मिळालं नाही तर?’ या भीतीनं ठेवलेलं असेल तर ते ग्रंथालयाच्या यादीत आहे का ते पाहा. असेल तर घरची प्रत निर्धास्तपणे देता येते. फार जुन्या पुस्तकांबाबत इंटरनेटही तपासा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो, आणि अशी कितीतरी मराठी पुस्तकं स्कॅन होऊन मोफत वाचायला मिळतात.

वर्षभर नवीन पुस्तक घ्यायचंच नाही का?

पूर्ण बंदी तीनेक महिने टिकते, मग एकदम दहा पुस्तकं घरी येतात. त्यापेक्षा प्रमाण ठरवा: तीन मार्गी लागली की एक नवीन. डब्यातल्या तीन पट्ट्या म्हणजे एका खरेदीचा परवाना. बाकी जे जे घ्यावंसं वाटेल ते वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहा आणि निदान चाळीस दिवसांनी पुन्हा पाहा. तोवर निम्म्या नावांवर काट मारावीशी वाटते.

परीक्षेचा काळ म्हणजे डिसेंबर. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो. तिथे जरूर जा, पण मागच्या पानावरची यादी घेऊन आणि आकडा ठरवून. सवलतीचं गणित नीट मांडा. ४०० रुपयांचं पुस्तक २०० रुपयांना मिळालं आणि चार वर्षं उघडलंच नाही, तर २०० वाचले नाहीत, २०० गेले. छोट्या मराठी प्रकाशकांची गोष्ट आम्ही वेगळी धरतो. त्यांची आवृत्ती संपली की पुढची लवकर निघेलच असं नसतं, म्हणून यादीतलं असं पुस्तक दिसलं तर घ्यावं आणि पुढच्या तीन पट्ट्यांतून ते फेडावं.

ओळखीच्या लेखकानं सही करून दिलेलं पुस्तक वाचून होत नाही. काय करावं?

मनोगत आणि कोणतीही दोन प्रकरणं मन लावून वाचा. त्यातल्या एका नेमक्या जागेबद्दल त्यांना फोन करून सांगा. लिहिणाऱ्याला ‘छान आहे’पेक्षा त्यात जास्त आनंद असतो. मग ‘चाळलं’ अशी नोंद करा. सही असलेलं पुस्तक रद्दीत किंवा जुन्या बाजारात देऊ नका, ते फिरून त्यांच्याच हाती पडू शकतं. ग्रंथालयाला द्यायचं असेल तर त्यांना विचारून द्या.

ई-बुक आणि ऑडिओबुक चालतं का?

फळीवरचंच पुस्तक ऐकून संपवलंत तर ते मार्गी लागलं, पट्टी काढा. डोळ्यांना त्रास होणाऱ्यांसाठी तर ही मोठीच सोय आहे. मोबाइलवर नवीन घेतलेली पुस्तकं मात्र आवक म्हणून लिहा.

मध्येच महिनाभर खंड पडला. आता?

मागचं भरून काढायला रोज चाळीस पानांचं लक्ष्य ठेवू नका, ते तीन दिवसांत मोडतं आणि मग पुन्हा खंड पडतो. उरलेल्या दिवसांना रोजच्या पानांनी गुणून नवा आकडा काढा आणि तेवढी पुस्तकं ‘वाचायची’मधून ‘चाळायची’मध्ये हलवा. चालू पुस्तकाची आधीची दहा पानं पुन्हा वाचून पुढे जा. तरीही सूर लागत नसेल तर ते बाजूला ठेवून सत्तर-ऐंशी पानांचं काहीतरी संपवा.

खंड बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्यात पडतो. कारण तपासा. बहुतेक वेळा नावडतं पुस्तक नेटानं चालू ठेवलेलं असतं, किंवा वाचायची वेळ रात्रीच्या शेवटी ढकललेली असते. चाळिशीनंतर आणखी एक कारण असतं, चष्म्याचा नंबर. ओळी हलल्यासारख्या वाटत असतील तर पुस्तकाला दोष देण्याआधी डोळे तपासून घ्या.

वाचलेल्यावर टिपणं काढावीत का?

पट्टीच्या मागे पाच ओळी बस्स: विषय, एक आवडलेली जागा पानाच्या क्रमांकासह, एक न पटलेली गोष्ट, कोणाला द्यावं, परत वाचावं का. विस्तारानं टिपणं काढायचा नेम केला की एक पुस्तक संपल्यावर दुसरं उघडायला आठवडा जातो.

आई-वडिलांचा किंवा आजोबांचा संग्रह घरी आला आहे. तोही याच यादीत धरायचा?

त्याची वही वेगळी करा. ती पुस्तकं तुम्ही निवडलेली नाहीत, त्यामुळे न वाचल्याचा भार घ्यायचं कारण नाही. त्यातली दहा निवडून आपल्या यादीत घ्या. बाकीचा निवाडा भावंडांना विचारून सावकाश करा. देण्याआधी प्रत्येक पुस्तक पूर्ण उघडून पाहा. जुनी पत्रं, फोटो, पोस्टाच्या पावत्या, कधी नोटाही पानांत निघतात. पहिल्या पानावरचं हस्ताक्षर, अर्पणओळ, खरेदीची तारीख यांचे फोटो काढून घ्या, म्हणजे पुस्तक गेलं तरी ती आठवण राहते.

हस्तलिखित पोथी, मोडीतले कागद, शंभर वर्षांपूर्वीची छापील पुस्तकं निघाली तर ती रद्दीवाल्याला देऊ नका आणि स्वतः चिकटवत बसू नका. १९१०मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था पुण्यातच आहेत. आधी तिथल्या जाणकारांचा सल्ला घ्या.

फळीतून काढल्यावर काही पुस्तकांना कसर आणि बुरशी लागलेली दिसली. ती वाचावीत का?

आधी वेगळी करा, मग ठरवा. कसरीनं खाल्लेलं पुस्तक कडेला आणि पुठ्ठ्यावर खरवडल्यासारखं दिसतं. गोल, आरपार भोकं असतील तर ती अळीची. अशी पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं.

बुरशीचं तंत्र निराळं. ओली बुरशी पुसली की पसरते. पुस्तक सावलीत, हवेशीर गॅलरीत उभं करून पानं थोडी फाकवून ठेवा. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली की घराबाहेर, मास्क लावून मऊ ब्रशनं झाडा. थेट उन्हात ठेवू नका, कागद पिवळा पडतो आणि बांधणीचा गोंद तडकतो. दमा असलेल्यांनी या कामाला हात लावू नये. पानं एकमेकांना चिकटलेली आणि काळी पडलेली असतील तर ते पुस्तक सोडून द्या आणि वाचायचंच असेल तर दुसरी प्रत मिळवा.

पुन्हा होऊ नये म्हणून मांडणी भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे ओढा, विशेषतः पावसाची झड लागणाऱ्या भिंतीपासून. पुस्तकं इतकी दाटून भरू नका की बोट शिरणार नाही. सिलिका जेलच्या पुड्या बंद कपाटातच कामाच्या, उघड्या मांडणीवर त्यांचा उपयोग नाही. डांबराच्या गोळ्या झोपायच्या खोलीत आणि लहान मुलं असलेल्या घरात टाळा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती सुटते आणि तपकिरी डाग मागे ठेवते. पुस्तक ठेवण्यासारखं असेल तर बायंडरकडे द्या.

नको असलेली पुस्तकं कुठे द्यावीत?

नेण्याआधी यादी पाठवा. गाडी भरून पुस्तकं ग्रंथालयाच्या दारात उतरवली तर त्यांच्याकडे जागा नसते आणि निवडायला माणूस नसतो. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली गावोगावची ग्रंथालयं अ, ब, क, ड वर्गांत असतात. पुणे जिल्ह्यातलं एखादं क किंवा ड वर्गाचं ग्रंथालय ओळखीचं असेल तर तिथे तुमच्या तीस चांगल्या पुस्तकांनी खरा फरक पडतो. मुलांची पुस्तकं शाळेला, तीही शिक्षकांशी बोलून. जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला अलीकडच्या, स्वच्छ प्रती हव्या असतात; भाव फारसा येणार नाही हे धरूनच जा.

पानं गळालेली, कालबाह्य, कसर लागलेली पुस्तकं कोणालाही देऊ नका. ती रद्दीचीच. आपल्याला टाकवत नाही म्हणून दुसऱ्याच्या कपाटात ढकलणं बरं नव्हे.

द्यायची पुस्तकं निवडल्यापासून आठ दिवसांत घराबाहेर पडली पाहिजेत. दाराजवळच्या खोक्यात महिनाभर राहिली की एकेक करून परत फळीवर जातात.

वर्ष संपल्यावर उरलेल्या पट्ट्यांचं काय करायचं?

शेवटच्या आठवड्यात फक्त पट्टी असलेली पुस्तकं खाली काढा आणि ‘का घेतलं होतं’ हा रकाना पुन्हा वाचा. कारण अजून खरं वाटत असेल तर पट्टी बदलून नव्या वर्षाची घाला. एका पुस्तकाला ही मुदतवाढ दोनदाच द्यायची. तिसऱ्या वर्षी ते ज्याला हवं आहे अशा माणसाकडे जाऊ द्या. मग वहीतली आवक आणि जावक यांची बेरीज मांडा. आवक जास्त निघाली तर पुढच्या वर्षी तीनास एक हे प्रमाण चारास एक करा आणि रोजची पानं आहेत तेवढीच ठेवा.